अकरा जागांचा कागद

ती घटना आठवली की आजही डोळ्यांसमोर आधी आरोपी येत नाही, एक कागद येतो. साधा, चार घड्या घातलेला, झेरॉक्सची झेरॉक्स काढून फिकट झालेला. मध्य प्रदेश पोलीस दलात माझी सगळी नोकरी गेली. चाकू, गावठी कट्टे, चोरीच्या मोटारसायकली, नाना तऱ्हेचा मुद्देमाल हाताळला. पण ज्या पुराव्यानं माझीच खोड मोडली तो हा कागद होता, आणि पहिल्या दिवशी मी तो टेबलाच्या खणात टाकून मोकळा झालो होतो.

तेव्हा मी जबलपूरला, गोहलपूरकडच्या एका ठाण्याचा टी.आय. होतो. टी.आय. म्हणजे ठाण्याचा प्रमुख. महाराष्ट्रातल्या आमच्या नातेवाइकांना हे पद कधीच कळत नाही, आणि दर लग्नात ते समजावून सांगण्याचा मला आता कंटाळा आला आहे. घराणं मूळ नागपूरकडचं, तीन पिढ्या जबलपुरात. घरी मराठी, ठाण्यात हिंदी, असा आमचा कारभार.

सकाळची हजेरी उरकून मी रोजनाम्यावर सह्या करत होतो. चाळिशीच्या पुढची एक बाई आत आली. बाहेर माझ्या नावाची पाटी वाचून आली असावी.

"साहेब, मराठीत बोललं तर चालते ना?"

"बोला."

"हा कागद पहा. खोटा हाय."

बाई ठाण्याजवळच एका गल्लीत रेल्वे आणि विमानाच्या तिकिटांचं दुकान चालवत होती. कागदावर संगणकाच्या पडद्याचा फोटो छापलेला होता. मुंबईहून आखातातल्या एका शहराला जाणारं विमान, खाली इंग्रजी अक्षरांची रांग आणि प्रत्येक अक्षरापुढे आकडा. एका अक्षराभोवती लाल पेनानं गोल केला होता आणि त्यापुढे अकरा लिहिलेलं दिसत होतं. तिच्या सांगण्यानुसार रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याचे अकरा कामगार या विमानानं नोकरीसाठी निघाले होते. एजंटनं प्रत्येकाला या कागदाची प्रत दिली होती, तुमच्या जागा राखून ठेवल्या आहेत म्हणून.

"यात खोटं काय?" मी विचारलं.

"विमानात खुर्च्या सारख्याच राहतात, साहेब. पण भाडे दहा-बारा तऱ्हेचे असते. एकेका भाड्याला एक अक्षर. अक्षराच्या पुढं जो आकडा, तेवढ्या सीटा त्या भाड्यात बाकी. झिरो म्हणजे खतम. हे पाहायची साइट हाय, आम्ही तिकीटवाले दिवसभर त्याच्यातच डोकं घालून बसतो."

"मग?"

"तो आकडा नऊच्या वर जातच नाही. पन्नास सीटा रिकाम्या असू द्या, नऊच दाखवते. अकरा कुठून आले?"

मी कागद उलटसुलट पाहिला. मग पोलिसाचा प्रश्न विचारला.

"या एजंटचं ऑफिस तुमच्या दुकानापासून किती दूर?"

"तिसऱ्या गल्लीत."

"तोही तिकिटं काढतो?"

"बोर्ड तर तसाच लावला हाय."

झालं, माझ्या डोक्यात केस बंद झाली. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका वरिष्ठांनी मला शिकवलं होतं की मुखबिर, म्हणजे खबऱ्या, दारात आला की त्याला या खबरेतून काय मिळणार ते आधी बघायचं. ही विद्या मी इतकी वर्षं घोटली होती. दारूवाला दारूवाल्याची खबर देतो, भंगारवाला भंगारवाल्याची. तिकीटवाली तिकीटवाल्याची देते आहे, यात नवल ते काय? मी तिला "बघतो" म्हणालो. आमच्या खात्यात "बघतो" या शब्दाचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगायला नको.

तरी नियम म्हणून एका प्रधान आरक्षकाला, म्हणजे हवालदाराला, एजंटच्या ऑफिसात पाठवलं. तो दोन तासांनी परत आला तो खूश होऊन. "सर, बंदा ठीक लग रहा है. ए.सी. ऑफिस है, फाइलें हैं, कंप्यूटर पर सब खोलके दिखाया." समोसेही खाल्ले असावेत, कारण मिशीला चुरा होता. मी रोजनाम्यात दोन ओळी लिहायला लावल्या आणि कागद खणात टाकला.

दुपारी एक तिशीतला माणूस तणतणत आला. हाताला ग्रीसचा काळेपणा, जो साबणानं जात नाही. त्या अकरांपैकीच एक. लेथवर काम करायचा, कालच राजीनामा देऊन मोकळा झाला होता.

"सर, तिथं पोलीस काहून पाठवली? सगळे लोक घाबरून राहिले. उद्या संध्याकाळी मुंबईची गाडी हाय आमची."

"चौकशी आहे, एवढंच."

"खबर कोणी दिली मला मालूम हाय. माझी मोठी बहीण हाय ती. तिच्या दुकानातून तिकीट नाही काढलं, एवढंच दुखणं. आठ दिवसांपासून मी तिच्याशी बोलत नाही."

मी त्याला बसवलं, पाणी दिलं. बहीण आहे हे बाईनं मला सांगितलं नव्हतं. त्यामुळे तिच्यावरचा माझा संशय अजून पक्का व्हायला हवा होता, आणि खरं सांगतो, झालाही. तो उठता उठता मी सहज म्हटलं, "पासपोर्ट जपून ठेवा."

"एजंटजवळ हायत सगळे. प्लॅटफॉर्मवर एकदम देतो म्हणते. आमच्याकडून हरवू नये म्हणून."

हे मात्र मला खटकलं. समुद्रापार जाऊन यंत्रं चालवणाऱ्या माणसाला स्वतःचा पासपोर्ट एक रात्र सांभाळता येणार नाही? तो गेल्यावर मी खण उघडला, कागद खिशात घातला आणि गाडी न काढता चालत बाईच्या दुकानावर गेलो.

दुकान म्हणजे आठ फूट रुंदीची खोली. एक टेबल, एक संगणक, भिंतीला पंखा. मी म्हटलं, "दाखवा मला ती साइट."

तिनं विमान उघडलं. अक्षरं, आकडे. काही शून्य, एक चार, दोन सात, बाकी नऊ. मी म्हटलं, दुसरं विमान काढा. तिनं दिल्लीचं काढलं. मग सगळ्यात मोठं विमान काढा म्हटलं. सहा महिन्यांनंतरची तारीख घाला, तेव्हा तर सगळंच रिकामं असेल. अर्धा तास मी तिला छळलं. नऊच्या पुढे एकदाही आकडा गेला नाही. माझी खात्री पटली तेव्हा मला आनंद होण्याऐवजी लाज वाटली, कारण हे काम मला सकाळीच करता आलं असतं.

"तो तुमचा भाऊ आहे हे सांगितलं काहून नाही?" मीही तिच्याच बोलीत विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही म्हटलं असतं, घरचं भांडण हाय, घरी मिटवा."

मी अगदी हेच म्हटलं असतं.

"आई गेली तेव्हा तो चौथीत होता," ती म्हणाली. "मीच मोठा केला. आता त्याला वाटते, मी त्याला सोडायला तयार नाही म्हणून कागदात खोड काढून राहिली. तो मुंबईत जाऊन रस्त्यावर बसला ना साहेब, तर तिथूनही मला फोन करणार नाही. एवढा हट्टी हाय."

तिच्यासाठी प्रश्न विमानाचा नव्हताच. खबर खोटी ठरली असती तर भाऊ कायमचा तुटणार होता. आणि खरी ठरूनही आम्ही हातावर हात ठेवून बसलो असतो तर तो घर, नोकरी, पासपोर्ट सगळं गमावून परमुलखात उभा राहणार होता. हे सगळं जाणून ती सकाळी ठाण्याची पायरी चढली होती, आणि मी तिला गल्ल्यांचं अंतर विचारत बसलो होतो.

विमान कंपनीला अधिकृत पत्र पाठवलं. उत्तर यायला आठवडा लागणार हे अनुभवानं माहीत होतं, आणि गाडी दुसऱ्या दिवशी होती. तेव्हा एजंटला चौकशीसाठी ठाण्यात बोलावलं. तो आला, स्वच्छ शर्ट, हातात फाइल. मी त्याला खुर्ची दिली, चहा दिला. ज्याला बोलतं करायचं त्याला आधी मनसोक्त बोलू द्यावं, ही माझी जुनी पद्धत. अर्धा-पाऊण तास तो बोलला. कंपनीचं पत्र, नोकरीचा करार, राहायची सोय, प्रत्येक प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर तयार. खरा माणूस दोन-तीन ठिकाणी तरी अडखळतो, "लक्षात नाही" म्हणतो. हा एकदाही म्हणाला नाही.

मग मी भाबडा चेहरा करून विचारलं, सीट रिकामी आहे हे तुम्हाला कसं कळतं? त्यानं मोठ्या उत्साहानं ती साइट समजावली. मी त्याला ठाण्याच्या संगणकापुढे बसवलं. संगणक आमचा सरकारी, चालू व्हायलाच दहा मिनिटं. अखेर त्याचंच विमान पडद्यावर आलं. त्या अक्षरापुढे नऊ.

"कागज पर तो ग्यारह है," मी म्हणालो.

"सर, उस दिन ज्यादा खाली थीं."

तेव्हा मला कळलं की हा तिकिटाच्या धंद्यातला माणूसच नाही. तिकीटवाल्याला नवाची गोष्ट झोपेतही माहीत असते. मी खुर्ची त्याच्याजवळ सरकवली. "कोई भी फ्लाइट, कोई भी महीना. मुझे बस एक बार दस दिखा दो, और घर जाओ."

तो शोधू लागला. मी वर्तमानपत्र उघडून बसलो. मुंबई, दिल्ली, कोलकाता, पुढचा महिना, त्याच्या पुढचा. सुरुवातीला भराभर बोटं चालत होती, मग हळूहळू मंदावली. वीसेक मिनिटांनी त्यानं माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि पाणी मागितलं. मी दिलं. नंतर फार विचारावं लागलं नाही.

आकडा त्यानंच बदलला होता. का, ते ऐकून मी थक्क झालो. त्यानं आधी खरा पडदाच दाखवला होता, नऊवाला. ते पाहून कामगारांत जुंपली. आपण अकरा, जागा नऊ, मग मागे कोण राहणार? आपलं नाव गळेल या भीतीनं जो तो दुसऱ्याला ढकलायला लागला. सौदा मोडायला नको म्हणून यानं नवाचे अकरा केले आणि सगळे शांत झाले. नऊच ठेवले असते तर त्या कागदात खोट काढायला कोणालाही जमलं नसतं.

जागा एकही राखलेली नव्हती. व्हिसाचे कागद बनावट होते. पासपोर्ट शहरातल्याच घमापूर भागात त्याच्या साडूच्या घरी, गव्हाच्या कोठीत सापडले. दोन पंच बोलावून पंचनामा केला, अकराही मोजून सीलबंद केले. झडतीत त्याच्या खिशात दुसऱ्या दिवशी सकाळचं, उलट्या दिशेला जाणाऱ्या गाडीचं तिकीट मिळालं. त्या सगळ्या प्रकरणात तेवढं एकच तिकीट खरं होतं. गुन्हा दाखल करून त्याला अटक केली.

दुसऱ्या दिवशी अकराही जण पासपोर्ट ओळखायला ठाण्याच्या आवारात आले. एकमेकांकडे कोणी बघत नव्हतं. मी रिछाईला जाऊन कारखान्याच्या मालकाला भेटलो, या लोकांना परत घ्या म्हणालो. आठ जणांना घेतलं. बाईच्या भावाच्या लेथवर मात्र नवा माणूस लागला होता. पुढे त्याला गोहलपूरच्याच एका छोट्या वर्कशॉपमध्ये काम मिळालं, पगार आधीपेक्षा कमी. सगळंच जुळून येतं असं मी लिहिणार नाही.

भावाचं बयान, म्हणजे जबाब, पासपोर्ट ओळखायच्या दिवशीच मी स्वतः घेतलं होतं. बयान हिंदीत लिहितात आणि लिहून झालं की वाचून दाखवतात. मी वाचू लागलो. सुरुवातीलाच होतं की मुखबिराकडून ठाण्याला सूचना मिळाली. खबर देणाऱ्याचं नाव आम्ही कागदावर आणत नाही. त्याच्याच भल्यासाठी असतं ते.

त्यानं मला थांबवलं.

"मुखबिर काहून लिहिलं, साहेब?"

"पद्धत आहे. नाव आलं की उद्या कोर्टात बोलावतील, एजंटचे लोक त्रास देतील. तिलाच त्रास."

"त्रास तर मी देऊन चुकलो ना तिला." तो टेबलाकडे बघत होता. "तिनं मला कागद दाखवून चार वेळा सांगितलं. मला वाटलं, लहानाचा मोठा केला म्हणून सोडवत नाही तिला. परक्यानं सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं."

पुढे माझ्या हाताखाली जे नवे अधिकारी आले त्यांना मी ती जुनी विद्या शिकवली नाही असं नाही. खबऱ्याला काय मिळणार ते बघा, हे आजही बरोबर आहे. पण त्याच्यापुढे एक प्रश्न मी जोडायला लागलो, की ही खबर खोटी ठरली तर याचं काय जाणार? ज्याचं फार काही जाणार असतं आणि तरी जो येतो, त्याला खुर्ची द्यावी, पाणी द्यावं आणि त्याचा कागद त्याच दिवशी वाचावा. मला हे निवृत्तीला थोडी वर्षं उरली असताना कळलं, याचं वाईट वाटतं.

त्या दिवशी मी त्याला पुन्हा समजावलं की कायद्यानं नावाची गरज नाही, बहिणीला विचारून घे. ती बाहेर बाकावर बसली होती. तो उठून दारापर्यंत गेला. आठ-दहा दिवसांत पहिल्यांदाच तो तिच्याशी बोलत होता, आणि काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. ती मान हलवताना दिसली. तो परत येऊन खुर्चीवर बसला.

"ती हो म्हणते. मुखबिर खोडा, साहेब. बहीण लिहा."

मी ती ओळ खोडली, शेजारी सही केली आणि वर लिहिलं, 'मेरी सगी बड़ी बहन ने थाने को सूचना दी.'