पेटीसमोरचा बाक

नगरपालिकेच्या भांडार विभागात त्यांना सगळे पेटीबाई म्हणत. निविदांची लोखंडी पेटी बावीस वर्षं त्यांच्या ताब्यात होती. तिला दोन कुलपं, वर एक फट, आणि समोर व्हरांड्यात एक लांब बाक. निविदा ऑनलाइन मागवायचा हुकूम आला तेव्हा सगळे धरूनच चालले, की आता पेटीबाई खोडा घालणार.

त्यांनी पहिल्याच दिवशी प्रशिक्षणासाठी अर्ज केला. घरी लेकीच्या संगणकावर सराव सुरू झाला.

"आई, बटण आहे ते, शिक्का नाही. केवढ्यानं हाणतेस!"

पेटीला कधी कोणी हात लावला नव्हता. खेळ चालायचा तो बाकावर. जुने ठेकेदार सकाळपासून तिथे ठाण मांडत, निविदेचं पाकीट घेऊन कोण येतंय ते पाहत आणि नवख्याला चहा पाजून, खांद्यावर हात टाकून वाटेला लावत. पंप दुरुस्त करणारा एक मेकॅनिक असा तीनदा पाकीट खिशात घालून परत गेला होता. पेटीबाईंनी ते तीनही वेळा पाहिलं होतं.

पहिली ऑनलाइन निविदा नेमकी पंपदुरुस्तीची निघाली. मुख्याधिकारी साहेबांनी बजावलं, "निदान तीन तरी यायला हव्यात. नाहीतर पेटी परत मांडायची."

शेवटच्या दिवशी मुदत दुपारी तीनची. एक वाजला तरी पडद्यावर शून्य. ठेकेदारांतले सगळ्यात जुने, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते दारातून डोकावले.

"काय बाई, पेटी पुसून ठेवू का?"

"पुसा ना मामा. तेवढंच काम होईल तुमच्या हातून."

मामा हसत बाकावर जाऊन बसले. त्यांच्याकडे बघता बघता पेटीबाईंच्या लक्षात आलं. बावीस वर्षांत तीनला पाच कमी असल्याशिवाय पेटीत पाकीट पडलं नव्हतं. लवकर टाकलं की बाकाला सुगावा लागायचा. आताही लोक सवयीनं घड्याळाकडे बघत बसले असणार. पण इथे कागद चढवून डिजिटल सही होईपर्यंत अर्धा तास जातो, आणि तीनच्या ठोक्याला सगळं बंद.

साहेबांच्या कानावर घालून त्यांनी फोन उचलला. नोंदणी केलेले अकरा जण होते. मामांसकट सगळ्यांना तेच सांगितलं, "शेवटच्या पाच मिनिटांत जमणार नाही. भरायची तर आत्ता भरा."

मेकॅनिक कचरला. "आत्ता भरली तर दर फुटेल ना, ताई?"

"तीनपर्यंत तो मलाही दिसत नाही आणि साहेबांनाही. बाक इथे व्हरांड्यात आहे दादा, तुमच्या दुकानात नाही."

सव्वादोनला एक आली. पावणेतीनला तीन झाल्या. तीन वाजता पाच. त्यातली एक मामांच्या पुतण्याची.

काम मेकॅनिकला मिळालं नाही, त्याचा दर दुसरा आला. तरी त्याचा फोन आला. "ताई, पहिल्यांदाच हरलो! आजवर शर्यतीतच नव्हतो. पुढची कधी निघतेय?"

"सोमवारी," पेटीबाई म्हणाल्या. त्या निविदेवर साहेबांची सही झाली होती; तीही ऑनलाइनच निघणार होती.

मग त्यांनी शिपायांना बोलावून बाक उचलवला आणि प्रशिक्षणाच्या खोलीत नेऊन ठेवला. सोमवारी मामा बाक शोधत तिथे पोचले आणि सवयीनं ऐसपैस बसले.

"सरका मामा, अजून चौघं शिकायला यायचेत," म्हणत पेटीबाईंनी कीबोर्ड त्यांच्या पुढ्यात सरकवला. "आणि हळू दाबा. शिक्का नाही तो."