कंडक्टर मांगंच राहते

गेल्या वर्षी जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी साडेआठच्या सुमारास, आमचे कंडक्टर काका गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाच्या चढावर बसले आणि पुन्हा उठले नाहीत. त्यांचे वय त्रेसष्ट होते. आम्ही एकूण नऊ जण चढत होतो. उरलेल्या आठ जणांनी काकांना पहिल्यांदा प्रत्यक्ष पाहिले होते ते त्याच दिवशी, सव्वासात वाजता, गडाच्या पायथ्याशी.

त्याआधी दोन वर्षे आम्ही त्यांना पायांवरून ओळखत होतो. तपकिरी कॅनव्हासचे बूट, डाव्या बुटाची नाडी पांढरी, उजव्याची काळी. रोज पहाटे साडेपाचला मोबाइलवर त्यांचा संदेश यायचा, 'डबल बेल'. त्याखाली बुटांचा फोटो. एसटीत दोनदा घंटी वाजली की गाडी सुटते, एकदा वाजली की थांबते. काकांनी छत्तीस वर्षे ती दोरी ओढली होती. निवृत्तीनंतर ते देवरीत राहायला आले आणि तिथून आम्हाला उठवू लागले. गोरेगावात मी, गोंदियात कापड दुकानदार सेठ, आमगावात अंगणवाडीच्या बिसेन ताई, आणि आणखी सात जण. ग्रुपचे नावही 'डबल बेल' होते.

आम्ही सगळे आधी एका मोठ्या ग्रुपमध्ये होतो. तिथे पुण्या-नागपूरचे लोक शर्यतीत मिळालेल्या पदकांचे फोटो टाकायचे. आमच्या तीन किलोमीटरला कोणी अंगठाही दाखवत नसे. काकांनी त्यातून गोंदिया जिल्ह्यातले लोक एकेक करून हुडकले. मला त्यांचा पहिला फोन आला तो असा: "तुमी गोरेगावचे का जी? तिथं आपल्याले कोन विचारून राहिलं? आपन आपली गाडी वेगळी काढू." मी कोण, काय करतो, हे त्यांनी विचारले नाही. वजन विचारले. मी सांगितले. "बसा," म्हणाले.

ग्रुपवर चेहरा टाकायचा नाही, हा त्यांचा नियम होता. चालून आल्यावर पायांचा फोटो टाकायचा आणि किती पावले झाली ते लिहायचे. सेठने एकदा गॉगल लावून स्वतःचा फोटो टाकला. काकांनी तो काढून टाकला आणि लिहिले, "तोंड पाहून मानूस लाजते. पाय लाजत नाही." तेव्हापासून कोणाचे बूट झिजले, कोणाच्या टाचेला भेग पडली, हे आम्हा सगळ्यांना माहीत असे. पण रस्त्यात समोरासमोर आलो असतो तर एकमेकांना ओळखले नसते.

सात वाजेपर्यंत फोटो आला नाही तर फोन यायचा. पावसाळ्यात मी सलग तीन दिवस बुडवले होते. चौथ्या दिवशी सात वाजून दोन मिनिटांनी काका बोलत होते.

"तुमची सीट खाली दिसून राहिली. काऊन?"

"पाऊस होता काका."

"पाऊस गोरेगावातच पडते का? मी देवरीवरून बोलून राहिलो. मी ओला आहो."

मी छत्री घेऊन निघालो. त्या दिवशीच्या फोटोत माझ्या बुटांपेक्षा चिखल जास्त होता. त्यांनी खाली लिहिले, "पॅसेंजर चढला."

दुसरा नियम आजारपणाचा होता. ग्रुपमधल्या जवळजवळ प्रत्येकाला साखर, रक्तदाब किंवा दोन्ही होते. त्यासाठीच तर आम्ही आलो होतो. पण त्यावर लिहायचे नाही. बिसेन ताईंनी एकदा रक्ताच्या तपासणीचा कागद ग्रुपवर टाकला. काकांनी तो लगेच काढला. "दवाखान्याच्या गोष्टी गाडीबाहेर. एक जन खोकलला का सारी गाडी खोकलते." त्याच सकाळी त्यांनी ताईंना फोन केला आणि अर्धा तास त्यांचे ऐकून घेतले. हे ताईंनी आम्हाला सांगितले ते काका गेल्यावर. ताई म्हणाल्या, "माझं सारं विचारलं त्याईनं. मीच त्याईचं विचारलं नाही. नियम होता न जी."

दिवाळीनंतर ग्रुप मंदावला. लग्ने होती, धानाची विक्री होती, थंडी होती. डिसेंबरात रोज चार फोटो येत. एकदा दोनच आले, त्यातला एक काकांचा. त्यांचे फोन चालूच होते, पण लोक उचलत नव्हते. महिन्याच्या शेवटी त्यांनी लिहिले, "एकदा सारे पॅसेंजर एका ठिकानी पाहाचे आहेत. नवेगावच्या तलावाच्या पाळीवर या. सोबत चालू." दुपारपर्यंत त्यावर एकाचेही उत्तर नव्हते.

मी लिहिले की सपाटीवर चालायला एवढ्या लांबून कोणी येणार नाही, त्यापेक्षा प्रतापगड चढू, वर पोहोचून सगळ्यांच्या पायांचा एक फोटो काढू. तासाभरात सहा जणांनी होकार कळवला. सेठने लिहिले, "अब आएगा मजा." काकांनी माझा संदेश वाचला होता, तशी खूण दिसत होती. त्यांचे उत्तर सात तासांनी आले. "मंजूर. पन कंडक्टर मांगंच राहते."

त्या रविवारी पायथ्याशी दर्ग्याजवळ नऊ जण जमले. सुरुवातीला सगळे खाली पाहत होते. बूट ओळखू आले की मग मान वर करून चेहरा पाहत. बिसेन ताई मला म्हणाल्या, "तुमी मले उंच वाटत होते." सेठ ओळखायला बूट लागले नाहीत. पांढरी आणि काळी नाडी दिसली तेव्हा मी वर पाहिले. फोनवरच्या आवाजावरून मी जाडजूड माणूस धरून चाललो होतो. काका किरकोळ होते. कानटोपी, खाकी स्वेटर, गळ्यात दोरीला बांधलेली शिटी. चेहरा उतरलेला होता. पहाटेच्या बसने आल्यामुळे असेल, असे मला वाटले. मी विचारले नाही.

त्यांनी प्रत्येकासमोर उभे राहून त्याचा हिशेब तोंडपाठ सांगितला. सेठ, मागच्या गुढीपाडव्याला एकशे पंधरा किलो, आता एकशे चार. ताई, सुरुवातीला एक किलोमीटर, आता पाच. माझ्यापुढे आल्यावर म्हणाले, "हे गोरेगाव. पाऊस पडला का घरात बसते." सगळे हसले. मग त्यांनी शिटी दाखवली. दोन वाजल्या की चालायचे, एक वाजली की थांबायचे. "मधात कोनी आपल्या मनानं थांबाचं नाही. एक थांबला का मांगचा थांबते."

अर्ध्या चढावर सेठला धाप लागली.

"काका, एक सीटी मारो ना. मेहरबानी."

"तुमचा स्टॉप आला नाही सेठ."

"मेरा स्टॉप तो नीचे ही था."

ताई पुढून म्हणाल्या, "सेठ, बोलाले दम आहे तं चढाले काऊन नाही?" थोडे वर गेल्यावर काकांनी एक शिटी मारली. आम्ही बसलो, पाणी प्यालो. काका उभेच होते. ताईंनी बाटली पुढे केली तर म्हणाले, "ड्यूटीवर असतानी पानी नाही." पाच मिनिटांनी दोन शिट्या झाल्या आणि आम्ही निघालो.

वरच्या टप्प्यात पायऱ्या आहेत. पायऱ्या सुरू होतात त्या वळणावर मोहाचे झाड आहे. माझ्यामागे फक्त काका होते. अंतर वाढले आहे असे वाटले म्हणून मी थांबून मागे पाहिले. ते झाडाला हात टेकवून उभे होते. मी विचारले, "काका, येऊन राहिले ना?" त्यांनी दुसऱ्या हाताने शिटी तोंडात धरली आणि दोनदा वाजवली. हात हलवून पुढे जायची खूण केली. मी चढू लागलो. पुढच्या सात जणांनीही दोन शिट्या ऐकल्या. नंतर मी प्रत्येकाला वेगवेगळे विचारले आहे.

वर पोहोचल्यावर आम्ही गोल उभे राहिलो. काकांच्या बुटांसाठी मध्ये जागा सोडली. दहा मिनिटे गेली. सेठ म्हणाला, "रास्ते में कोई पुराना पॅसेंजर मिल गया होगा." त्यांना फोन लावला. रिंग जात होती. मी आणि सेठ खाली निघालो. काका पायऱ्यांच्या कडेला दगडाला टेकून बसले होते. चेहरा चढाकडे होता. सेठने त्यांना पाठीवर घेतले आणि पायथ्यापर्यंत एकट्याने आणले. मध्ये तो कुठेही थांबला नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले की पोहोचण्यापूर्वीच ते गेले होते. सेठने त्यांच्या नातेवाइकांना काय सांगायचे ते मला विचारले.

दहाव्याला मी देवरीला गेलो. काकू ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी आधी माझ्या बुटांकडे पाहिले.

"तुमीच का गोरेगावचे?"

"हो."

"गड तुमीच सांगितला होता न?"

"हो."

"मले सांगितलं होतं त्याईनं. म्हनत, पोट्टं बरोबर बोलून राहिलं, सपाटीवर कोनी येत नाही." त्यांनी पाण्याचा गडवा माझ्यापुढे सरकवला. "दिवाळीच्या आधी छातीत दुखलं होतं. डाक्टरनं सांगितलं, आंगनातच चाला, चढ नोका चढू. मी म्हनलं, लोकाइले सांगून टाका. तं म्हनते, कंडक्टरच उतरला तं गाडीत कोन बसन?"

मी घरी येऊन ग्रुपवरचे त्यांचे जुने फोटो पाहिले. दिवाळीपूर्वीच्या फोटोंत बुटांखाली कधी सागाची पाने आहेत, कधी महामार्गाची पांढरी पट्टी, कधी तलावाच्या पाळीवरची माती. दिवाळीनंतरच्या, शेवटचा सोडून, प्रत्येक फोटोत भेग पडलेल्या सिमेंटचा तोच तुकडा आहे. ती भेग मी काकूंच्या अंगणात पाहिली होती. पावलांचा रोजचा आकडा मात्र कमी झालेला नाही. ते फोटो आम्ही रोज पाहत होतो.

काकूंनी त्यांचा मोबाइल बंद केलेला नाही. ग्रुपमध्ये आजही अकरा जण आहेत. सेठ रोज चालतो, असे त्याच्याकडून कळते. बिसेन ताईंनी चालणे सोडले आहे. ग्रुपवरचा शेवटचा संदेश त्या रविवारी पहाटे देवरीच्या बसस्थानकावरून आलेला आहे, 'डबल बेल'. त्याखाली कोणी काही लिहिलेले नाही.

मार्चमध्ये मी पुन्हा एकदा प्रतापगडावर गेलो. मोहाच्या झाडापासून ते बसले होते त्या दगडापर्यंत चौसष्ट पायऱ्या आहेत. दगड झाडाच्या वर आहे.