पोपटी साडीची वाकळ

कुणाच्या दोरीवर वाकळ वाळत घातलेली दिसली की ती घटना आजही आठवते. नोकरीत दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण त्या दुपारी जेवढा घाबरलो तेवढा पुन्हा कधी घाबरलो नाही.

कोल्हापुरात लोकांनी मिळून चालवलेलं एक संग्रहालय आहे. तिथं आजच्या कारागिरांच्या कामाचं प्रदर्शन भरलं होतं. चपला, बुरडी काम, मातीची भांडी; आणि एका भिंतीवर वाकळा, चित्रांसारख्या टांगलेल्या. खेड्यातल्या बायकांनी घरातल्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून शिवलेल्या. शिवणाऱ्या बायकाही तिथंच सतरंजीवर बसून टाके घालून दाखवत होत्या. मी जवळच्याच ठाण्यात निरीक्षक होतो.

दुपारी ठाण्यात बिद्रीकडची एक बाई आली. बचत गटाबरोबर प्रदर्शन बघायला आलेली. पाणी दिलं, ते तसंच बाजूला ठेवून बोलू लागली.

"साहेब, माझी लेक गेल्या साली सासरातनं पळून गेली म्हणत्यात. पोपटी साडी नेसून गेली, असं जावयानं पोलिसात लिवून दिलंय. ती साडी तिथं भितीवरच्या वाकळंत हाय."

"तसल्या साड्या ढिगानं विकल्या जातात, मावशी."

"पदराला निरांजन लागून भोक पडलंतं. तांबड्या दोऱ्यानं मीच रफू केलंय. माझा टाका मला वळखू येत न्हाय व्हय?"

सासरच्या हद्दीतल्या ठाण्याला फोन लावला. बेपत्ता नोंदीत वर्णन तेच होतं. पण त्या माउलीचं भ्यायचं कारण वेगळंच होतं.

"वाकळ शिवणारी माझी विहीणच हाय. तिनं मला बघितलं न्हाय. जावई भाईर चहाच्या गाड्यावर बसलाय, माझी नात त्याच्या मांडीवर हाय. लेकीचं काय झालं ते मला कळून चुकलं, साहेब. पोरीला तेवढं आधी काढा. त्याला वास लागला तर तो तिलाबी..."

आम्ही साध्या वेशात गेलो. गाड्यावर तो पोरीला बिस्कीट चारत होता, चांगला लाडानं. मोटारसायकलच्या हँडलला पिशवी आणि पिशवीतून धार लावून आणलेल्या कोयत्याची मूठ बाहेर आलेली. मांडीवर पाच वर्षांचं लेकरू. झडप घालायची म्हटली तरी हात धजेना.

त्याच्यावर नजर ठेवायला माणसं उभी केली आणि मी आत जाऊन त्याच्या म्हाताऱ्या आईसमोर, त्या वाकळेखालीच, बसलो. "ही वाकळ तुमची ना? कापडं कुणाकुणाची?"

"बसा की पावणं," ती खुशीत म्हणाली. "हे आमच्या मालकांचं धोतार. हे लेकाचं शाळंतलं शर्ट. ही माझी चोळी."

मी पोपटी तुकड्यावर बोट ठेवलं. "हे तर धडकं दिसतंय, कुठं विरलेलं नाही. वाकळेत धडकं लुगडं कोण कापतं, मावशी?"

तिची सुई थांबली. मी हळूच ओळखपत्र दाखवलं. "ओरडू नका. पोरगी त्याच्याजवळ आहे."

म्हातारीनं दाराकडं पाहिलं. मग पुटपुटली, "त्यानं चुलीत घाल म्हणून सांगितलंतं. धडकं लुगडं जाळायचं जिवावर आलं. आणि पोर आईपायी रडायची. म्हटलं, आईची साडी अंगावर असली की निजंल. निजायला लागली बघा."

"त्याला कळलं नाही?"

"वाकळंकडं कोण बापय बघतोय?"

"सून कुठं आहे?"

"उकिरड्याखाली." ओठ हलले तेवढेच. "तोंड उघडलंस तर पोरीलाबी तिथंच पुरीन म्हणाला."

आता पोरगी आत आणायची, आणि ते काम तिलाच करावं लागणार होतं. आमच्यापैकी कुणी हाक मारली असती तर तो सावध झाला असता. म्हातारी उठून दारापर्यंत गेली. आवाज कापला तर सगळं संपलं, एवढंच माझ्या डोक्यात.

"अरे, पोरीला आत दे की. पाव्हण्या बायकास्नी नात दावायची हाय."

"कशाला?" त्यानं मान वळवली.

"फोटू काढायचाय म्हणत्यात."

त्यानं पोरीला खाली सोडलं. ती चार पावलं आली आणि राहिलेल्या बिस्किटासाठी परत मागं गेली. माझा जीव टांगणीला. बिस्कीट घेऊन ती रमतगमत दारात आली, तसं महिला हवालदारानं तिला कडेवर उचललं. मग मात्र माझ्या माणसांनी त्याला पिशवीपर्यंत हात नेऊ दिला नाही.

उकिरडा उकरला, पंचनामा झाला. जोडवी आईनं ओळखली. म्हातारीनं न्यायाधीशांसमोर जबाब दिला आणि कोर्टातही पोटच्या पोराविरुद्ध उभी राहिली. त्याला जन्मठेप झाली. या प्रकरणानं मला एक शिकवलं. भ्यालेला माणूस तोंड उघडत नाही, तेव्हा त्याच्या हातांनी काय केलंय ते बघावं.

वाकळ मात्र मुद्देमालात मोहोरबंद झाली. "साहेब, पोर झोपंना, वाकळ मागतीया," असा आईकडच्या आजीचा निरोप यायचा; पोर आता तिच्याकडंच होती. कायद्यापुढं माझं काय चालणार? वाईट वाटायचं. निकाल लागल्यावर कोर्टानं ती परत दिली.

निवृत्तीनंतर एकदा बिद्रीकडे गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. दारात वाकळ वाळत होती. आजी म्हणाली, "विहिणीचा टाका घरात नगो म्हणून उसवायला बसलेली. पोरीनं कात्रीच हिसकावून घेतली."

वाकळेच्या एका कडेला जांभळी पट्टी नव्यानं जोडलेली दिसली.

"माझं पाय उघडं पडाय लागलं," उंच झालेली नात म्हणाली, "म्हणून आजीनं तिचं लुगडं कापलं."

"जुनं?" मी विचारलं.

"न्हाय साहेब," आजी म्हणाली. "धडकंच कापलं."