सरूआत्या आणि शेवटच्या झेंड्याची प्रदक्षिणा

“सरूनं शेवटच्या झेंड्याला प्रदक्षिणा घातलीच न्हाई. सरू बाद!”

हे वाक्य बदाममावशी लग्नाआधी बोलल्या. आता त्यांना पतवंडं आहेत. वाक्य अजून मागे घेतलेलं नाही.

आणि आज पहाटे सरूआत्या गेली.

सरूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. बदाममावशी तिची शेजारची मैत्रीण, कुंभार पिंपळगावातल्या मारवाडी कापडवाल्यांची मुलगी.

निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती. गावात तंबूतला सिनेमा आला. मुख्य सिनेमाच्या आधी परदेशातली एक छोटी फिल्म दाखवली.

बर्फाचा डोंगर. पायांना लांब फळ्या बांधलेल्या बाया. रोवलेल्या झेंड्यांना वळसे घालत सुसाट खाली.

माझी आजी म्हणाली, “येवढ्या जल्दी कुठं चालल्या गं ह्या?”

मागून कुणीतरी, “चुलीवर दूध ठिवून आल्या असतील!”

अख्खा तंबू हसला. या दोघी सोडून.

त्या बायांतली एक पडली. उठली, अंग झटकलं, पुन्हा निघाली. आणि तिला कुणी रागावलं नाही. आत्या म्हणायची, “मला सिनेमात तेवढंच दिसलं बघ.”

दिवाळीनंतर गावाबाहेरच्या टेकाडावरचं गवत वाळून इतकं निसरडं व्हायचं की शेळीसुद्धा विचार करून पाय टाकायची. बर्फाची सोय झाली.

फळ्यांऐवजी आत्यानं घरातली काथवट पळवली. भाकरीचं पीठ मळायची, लाकडी, बुडाला गुळगुळीत. बदाममावशींनी पितळी परात आणली. तुराट्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या, झाले झेंडे.

नियम मात्र दोघींनी आपल्या अकलेनं लावले.

त्या बाया झेंड्याला वळसा का घालतात? रामदासस्वामींचं जन्मगाव जांब समर्थ हाकेच्या अंतरावर असलेल्या गावातल्या पोरींना यात कोडं काय पडणार? झेंडा आला की प्रदक्षिणा आलीच!

त्यामुळे आमच्याकडची शर्यत अशी: घसरायचं. झेंड्यापाशी टाचा रोवून थांबायचं. उठायचं. हात जोडून झेंड्याला फेरी घालायची. पुन्हा बसायचं, पुन्हा घसरायचं.

फेरी अर्धवट सोडली तर बाद.

बाजाराच्या दिवशी मोठी माणसं बाजारात, गल्लीतल्या पोरी टेकाडावर. होळीपर्यंत असा अख्खा सीझन चालला. घरी भाकरीत कुसळं निघायची आणि आजी चक्कीवाल्याला शिव्या द्यायची.

कधी ही जिंकायची, कधी ती. होळीआधीची शर्यत फायनल. दोघींची लग्नं ठरली होती. त्यानंतर टेकाड नाही, काथवट नाही.

जी जिंकेल, ती कायमची जिंकणार होती.

फायनलला सगळे झेंडे नीट पार पडले. शेवटच्यापाशी मात्र काथवट थांबलीच नाही. आत्याला घेऊन झेंड्याभोवती गरकन फिरली आणि थेट खाली पोचली.

आत्या पहिली!

मागून परातीतून ओरडा, “बाद! तू उतरलीच न्हाईस!”

“काथवट फिरली का न्हाई? मी काथवटीत व्हते. मंग मी बी फिरले.”

“देवळाला बैलगाडीत बसून फेरी घालतीस का?”

भांडण इतकं पेटलं की दोघी देवळातल्या पुजाऱ्यांकडे गेल्या. काथवटीचं नाव न काढता विचारलं, बसून घातलेली प्रदक्षिणा पोचते का?

ते म्हणाले, “भाव असला तर पोचते.”

आत्या, “व्हता की भाव!”

बदाममावशी, “जिंकायचा व्हता!”

झालं. निकाल राहिला तो राहिलाच.

दोघी लग्न होऊन जालन्यातच आल्या. दिवाळीचा फराळ घेऊन एकमेकींकडे जायच्या, चकली मोडायच्या आधी झेंड्यावर यायच्या. आत्याचे यजमान, आमचे काका, तेवढ्यात बाहेर फिरून यायचे.

मध्यंतरी मी दोघींना फोनवर खऱ्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवला. बायकांची, बर्फावरची, जायंट स्लॅलम.

आत्या शेवटपर्यंत टक लावून बघत राहिली. मग म्हणाली, “एकीनं बी उतरून फेरी घातली न्हाई. तरी पहिला नंबर देऊन राह्यले!”

बदाममावशी चहा पीत म्हणाल्या, “समद्या बाद. तुझ्यासारख्याच.”

गेल्या आठवड्यात मावशी आत्याला भेटायला दवाखान्यात आल्या. आत्याला बोलताना धाप लागत होती. तरी तिनं विचारलंच.

“बदाम, आता तरी म्हण.”

मावशींनी तिची चादर सारखी केली. “आधी बरी हो. टेकाडावर जाऊ. पुन्यांदा खेळू, मंग बघू.”

आत्या हसली. खूप दिवसांनी.

आज आत्याला अंगणात ठेवलं होतं. मावशी काठी टेकत आल्या. गुडघे गेलेत त्यांचे. सुनेनं खुर्ची पुढे केली, ती त्यांनी बाजूला सारली. हात जोडून आत्याभोवती एक पूर्ण फेरी घातली. हळूहळू, थांबत, चालत.

मग वाकून आत्याला म्हणाल्या, “बघितलीस? अशी घालायची असती. पायानं.”

आणि मग जे रडल्या.

सरूआत्या, नीट जा. वाटेत झेंडे लागले तर तुझ्या पद्धतीनं जा. तिथं बाद करायला कुणी नाही.

बदाममावशी, तुमची नात ही पोस्ट तुम्हाला वाचून दाखवेल. तुम्ही मान हलवणार, हे मला इथूनच दिसतंय. तरी मागते.

तेराव्याला याल तेव्हा तिच्या फोटोसमोर एकदाच, हळू आवाजात का होईना, म्हणाल का, “सरू जिंकली”?