खडूचे हात

टेबलावर ठेवलेले असताना खडूचे हात अगदी शांत असत. पेन, चमचा, किल्ली, काहीही उचललं की बोटांना बारीक थरथर सुटायची. अशा हातांनी त्याला दातांचा डॉक्टर व्हायचं होतं.

चंडीगढच्या आमच्या डेंटल कॉलेजात मराठी बोलणारे आम्ही दोघंच. मी सोलापूरचा, तो अमरावतीचा. त्याचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत. त्यांची बदली चंडीगढहून गुवाहाटीला झाली आणि तो माझ्याबरोबर सेक्टर बावीसमधल्या भाड्याच्या खोलीत राहायला आला. त्याच्या खिशात कायम खडू. जिथं बसेल तिथं ब्लेडनं खडूची दाढ कोरत राहायचा. वर्गातल्या पंजाबी मुलांनी त्याचं नाव ‘चॉकी’ ठेवलं. मी ते मराठीत आणलं: खडू.

दुसऱ्या वर्षी दात भरायला शिकवतात. तेव्हा समोर खरं माणूस नसतं, धातूच्या डोक्यात प्लॅस्टिकचे दात बसवलेले असतात. किडका समजलेला भाग ड्रिलनं कोरायचा. खड्ड्याच्या भिंती सरळ हव्यात, तळ सपाट हवा, शेजारच्या दाताला ओरखडा नको. मग त्यात भरणा दाबून बसवायचा. खडूला हे सगळं तोंडपाठ. आम्ही अडलो की त्यालाच विचारायचो. “खोल जायची घाई कायले करतं बे? आधी वाट आख,” तो म्हणायचा. त्याचा स्वतःचा खड्डा मात्र वेडावाकडा व्हायचा. शिकवणाऱ्या मॅडम तो दात उजेडात धरून बघत आणि हळूच म्हणत, “बेटा, दोबारा.” त्या रागावत नसत, आणि तेच त्याला सोसत नसे.

त्यानं काय काय करून पाहिलं! कोपर बरगडीला दाबून काम करायला शिकला. मनगटाला वजन बांधून सराव केला. “सरावानं जाते थरथर,” असं मला पुन्हा पुन्हा सांगायचा आणि माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. मी “जाते” म्हणायचो. परीक्षेत तो काठावर पास झाला, तेव्हा खोलीवर येऊन उशीत तोंड खुपसून रडला. मला वाटलं, आनंदानं रडतोय.

“आता खरी माणसं येतील बे,” तो म्हणाला.

तिसऱ्या वर्षी त्याच्या खुर्चीवर आलेलं पहिलं खरं माणूस म्हणजे एक म्हातारे सरदारजी. मी मदतीला शेजारी उभा होतो. ड्रिल तोंडात गेलं आणि गालाला आतून चाटून गेलं. लाळेत रक्ताची रेघ उमटली. खडू थिजला. सरदारजींनीच त्याच्या मनगटावर थोपटलं.

“कोई गल्ल नहीं, पुत्तर. तू कर.”

खडूनं ड्रिल खाली ठेवलं, हातमोजे काढले आणि सगळ्यांसमोर मॅडमना हाक मारली. “मॅडम, मेरे हाथ नहीं रुकते. मैं नहीं करूँगा.”

मॅडमनी मला त्याच्या जागी बसवलं. तो निघून जाईल असं मला वाटलं होतं. तो माझ्या मागं उभा राहिला आणि शेवटपर्यंत सांगत राहिला, “थोडं आत... थांब. आता बस, तळ आला.” दात छान भरला गेला. जाताना सरदारजींनी दोघांच्याही डोक्यावर हात ठेवला. ते दाराबाहेर गेल्यावर खडू भिंतीला टेकून खाली बसला.

“मले दुसरं काहीच व्हायचं नव्हतं बे,” तो म्हणाला.

मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, ही थरथर घराण्यातून येते. गोळ्यांनी थोडी कमी होईल, जाणार नाही. खडूनं कॉलेज सोडलं आणि वडील त्याला न्यायला आले. स्टेशनवर आम्हाला बाकावर बसवून ते चहा आणायला गेले. दोन्ही हातांत कागदी कप घेऊन येताना मी त्यांना पाहिलं. फलाटावर त्यांच्या मागं चहाचे थेंब पडत होते. त्यांची बोटं खडूसारखीच थरथरत होती. जवळ आले तेव्हा कप अर्धे झालेले.

“माझ्याकडूनच आलं रे तुला,” ते खाली बघत म्हणाले.

खडू उठला. त्यानं त्यांच्या हातातले कप घेतले, तेव्हा उरल्यातलाही बराच चहा त्याच्या मनगटावरून ओघळला.

“सांडू द्या, बाबा,” तो म्हणाला. “बसा तुम्ही.”