ज्या घराचं पाणी प्यायचं नाही

आमच्या धंद्यात एक खोड लागते ती मरेपर्यंत सुटत नाही. कुणाच्याही घरात शिरलो की माझी नजर माणसांकडे जायच्या आधी आढ्याकडे जाते. लग्न असो, बारसं असो, मी आपला मान वर करून उभा. तुळई कुठल्या लाकडाची, कुठं वाकली आहे, कौलांतून पाणी कुठं झिरपतंय. यजमान बिचारा हात जोडून समोर उभा असतो आणि मी त्याचं घर अजून किती टिकेल याचा अंदाज बांधत असतो. बायको म्हणायची, तुम्हाला चारचौघांत न्यायची सोय नाही. बरोबरच होतं तिचं.

ही खोड मला बेळगावात लागली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत. पुण्याहून ओव्हरसियरचं शिक्षण संपवून मी परत आलो होतो. भिंत कशी बांधायची हे मला येत होतं. बांधलेल्या भिंतीची किंमत कशी करायची हे मात्र कुणी शिकवलं नव्हतं. सरकारला घरं-जमिनी ताब्यात घ्यायच्या असल्या की आधी त्यांची किंमत ठरवणारा माणूस लागे. तसा माणूस व्हायचं तर एक परीक्षा द्यायची, एखाद्या मुरलेल्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करायची, आणि त्यानं शिफारस केली तरच पुढं सरकारी काम मिळायचं. मला जे मास्तर मिळाले ते बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले होते. हिंडलग्याच्या वाटेवर राहायचे. अंगानं काटकुळे, कोट मात्र ढगळ, आणि हसताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

पहिले काही महिने त्यांनी मला नुसतं घरांतून हिंडवलं. बोटाच्या पेरानं खांब वाजवायला शिकवलं. आतून वाळवीनं खाल्लेला खांब वेगळा बोलतो, हे मला तिथं कळलं. भिंतीवर फुललेलं मीठ, उंबऱ्याचा झिजलेला मधला भाग, विहिरीच्या आतल्या दगडांचे सांधे, सगळं बघून घ्यायचं. घर वापरून जुनं होतं तशी त्याची किंमत उतरते, त्याला घसारा म्हणतात. मास्तरांच्या तोंडी दिवसभर तोच शब्द. "घर उभं कसं राहिलंय ते गवंड्यानं बघावं," ते म्हणायचे, "ते जाणार कसं, ते आपण बघायचं." हळूहळू मला तेवढंच दिसायला लागलं. बाजारातून चाललो की दोन्ही बाजूंची घरं खाली येताना दिसायची. मला त्याची भीती वाटायची आणि खरं सांगायचं तर थोडी ऐटही वाटायची.

मास्तरांचा एक नियम होता. ज्या घराचं मोजमाप करायचं त्या घरचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला, मग तो वाट चुकलेला का असेना, आधी तांब्याभर पाणी आणि गुळाचा खडा मिळतो. विचारत कुणी नाही. पुढ्यात आणून ठेवतात. तो तांब्या परत करायचा म्हणजे त्या घरच्या बाईच्या तोंडावर मारल्यासारखं. मास्तर म्हणायचे, पाणी पोटात गेलं की हात ढिला पडतो, मग घर आहे त्यापेक्षा धड दिसायला लागतं. ते स्वतः चामड्याची पाण्याची पिशवी खांद्याला अडकवून यायचे. मी जैनाच्या घरातला, चामड्यातलं पाणी मला चालेना. मी तहानलेलाच राहायचो.

हा नियम मी आक्काला सांगितला होता, तो हसण्यावारी. आक्का माझी थोरली बहीण. आई गेल्यावर तिनं मला आपल्या सासरी नेलं, निपाणीहून संकेश्वरकडे जाताना लागतं त्या गावात. तिच्याच घरात मी वाढलो, तिथूनच निपाणीच्या शाळेत गेलो. दाजींची तंबाखूची शेती होती. घर पांढऱ्या मातीच्या भिंतींचं. मागची, स्वयंपाकघराकडची भिंत एका पावसाळ्यात बसली, ती आक्कानं स्वतः माती तुडवून पुन्हा उभी केली. दर वर्षी तिला लिंपायची, आणि लिंपून झालं की खालच्या कोपऱ्यात आपला पंजा उमटवायची. का, म्हणून विचारलं तर म्हणायची, भिंतीला कळाय नको व्हय कुणाची हाय ती?

एकदा दिवेलागणीच्या आत जेवायला बसलो असताना मी पाण्याचा नियम सांगितला आणि ती ठसका लागेपर्यंत हसली. म्हणाली, "मग माझं घर मापाय आलास तर हंडाभर पाजते बघ तुला. मापायचंच ऱ्हाईल." दाजी पण हसले. मी तर दोन तांबे जास्तच प्यालो.

त्यानंतर मिलिटरीला जागा हवी झाली. कशासाठी, ते कुणीच सांगत नव्हतं. कुणी म्हणे विमानं उतरणार, कुणी म्हणे दारूगोळा ठेवणार. हुकूम निघाला आणि मास्तरांबरोबर माझी पायपीट सुरू झाली.

पहिल्या गावात लोकांनी पाणी आणलं आणि आम्ही नको म्हटल्यावर त्यांना नवल वाटलं. दुसऱ्या गावापर्यंत आमच्याआधी बातमी पोचली होती, की टेपवाले आलेत आणि ते ज्या घरचं पाणी नाकारतात ते घर जातं. तिथं एक म्हातारी हातात पितळी गडवा घेऊन माझ्यामागून खोल्याखोल्यांतून फिरली. "कुडी मगा," ती म्हणत राहिली. पी बाळा, पी. मी टेपवरचे आकडे वाचत होतो आणि ते मला नीट दिसत नव्हते. तिला वाटत होतं, मी एक घोट घेतला तर घर राहील. तिसऱ्या गावात कुणी पाणी आणलंच नाही. आम्ही वेशीतून आत शिरलो तशी दारं लागत गेली, आणि मापं घ्यायला पाटलाला एकेक दार ठोठावावं लागलं.

जागेची हद्द दाखवायला चुना लावलेले दगड रोवत होते. आठवड्याला मी त्या वाटेनं जायचो आणि दगड पुढं सरकलेले असायचे. आधी माळावर होते. मग ओढ्याच्या अलीकडे आले. ओढा हीच हद्द, असं मी स्वतःला समजावलं, कारण ओढ्यापलीकडे आक्काचं गाव होतं. एवढा मोठा ओढा ओलांडून कोण कशाला जाईल. मला त्या पांढऱ्या दगडांची इतकी धास्ती बसली की वाटेत चुन्याचा डाग पडलेला कुठलाही धोंडा दिसला तरी जवळ जाऊन बघून यायचो. मग एके सकाळी आक्काच्या गावाच्या विहिरीपलीकडे, जोंधळ्याच्या रानात, मला एक दगड दिसला. म्हणजे विहीर आत. म्हणजे गाव आत.

मी मास्तरांना सांगितलं, ते माझ्या बहिणीचं घर आहे. ते म्हणाले, त्या घराची किंमत तू लावायची नाहीस, ती मी लावीन. तू आला नाहीस तरी चालेल, दुसरा कुणी टेप धरील. पण आलास तर नियम तोच, आणि तो मोडलास तर माझ्या शिफारशीची वाट बघू नकोस. मी रात्रभर विचार केला नाही की काही नाही, तिथल्या तिथं येतो म्हणालो. आक्काच्या स्वयंपाकघरात परका माणूस टेप पसरतोय हे चित्र मला सोसणारं नव्हतं.

माघ चालला होता. आक्काच्या अंगणातल्या खळ्यावर तंबाखू वाळत होता आणि त्याच्या वासानं डोळे चुरचुरत होते. ऊन तापलं होतं, माझा घसा कोरडा पडला होता. आक्का दारातच उभी होती. दगड तिनंही पाहिले होते. पण अजून कुणी तोंडावर काही सांगितलं नव्हतं, आणि आशा ही फार चिवट गोष्ट आहे. ती आत गेली आणि तांब्या घेऊन आली. तोच तांब्या, ज्यातून मी लहानपणापासून प्यालो. बशीत गुळाचा खडा. हसण्याचा प्रयत्न करत तिनं तो माझ्यापुढं धरला.

"लई ऊन हाय. घे."

मास्तर पाठीमागं उभे होते. मी प्यालो असतो तरी दगड हलणार नव्हते, हे मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. आक्काला मात्र त्या घोटाचा अर्थ वेगळा होता आणि तो अर्थ मीच तिला हसत हसत शिकवला होता. मी प्यालो असतो तर घर वाचलं असं तिनं धरलं असतं, निदान ते पाडायला माणसं येईपर्यंत. तशी खोटी खात्री तिला द्यायची नाही, एवढंच मला त्या क्षणी सुचलं.

"नको, आक्का," मी म्हणालो.

तिचा हात तसाच राहिला. मग तिनं तांब्यातलं पाणी अंगणातल्या कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं, अगदी सावकाश, एक थेंब वाया न घालवता.

"बरं," ती म्हणाली. "माप."

आम्ही मापं घेतली. मी एक टोक धरायचो, मास्तर दुसरं. सागाच्या तुळया, जांभ्या दगडाचा चौथरा, कौलं, चौकटी, विहिरीतला वाटा, सगळं मास्तरांनी लिहिलं. मागच्या भिंतीपाशी आलो. खालच्या कोपऱ्यात तिचा पंजा होता, यंदाच्याच लिंपणातला. आक्का आमच्यामागं उभी होती. तिनं विचारलं, ही लिहिली का? मातीच्या भिंतीची किंमत जवळजवळ काहीच धरत नाहीत, हे मला पहिल्या महिन्यातच शिकवलं होतं. मी टेप गुंडाळत राहिलो. मास्तरांनी भिंतीवरून हात फिरवला, तिच्या पंजाला न लावता, आणि म्हणाले, लिहिली आहे बाई. मी डोकावून पाहिलं. लिहिली होती खरी, पुढं आकडा नव्हता.

त्याच महिन्यात मास्तरांनी माझी शिफारस केली. पोरगा तयार झाला आहे, असं त्यांनी साहेबापुढं म्हटल्याचं कानावर आलं. मला आनंद झाला नाही. पुढं लढाई संपली आणि त्या जागेवर मिलिटरीनं काहीच केलं नाही. तुळया आणि कौलं काढून नेली होती, भिंती पावसात विरघळल्या. मी एकदा जाऊन आलो. कुठलं घर कुणाचं हे ओळखता येत नव्हतं, दगड मात्र पांढरे होते.

आक्का आणि दाजी संकेश्वरला गेले. तिथं दाजींच्या भावाच्या दोन खोल्यांत त्यांनी उरलेली वर्षं काढली. तिनं मला कधी बोल लावला नाही. माझ्या लग्नात ती सगळ्यांत पुढं होती, माझ्या बायकोची बाळंतपणं तिनंच केली. पण मी तिच्या दारात गेलो की ती तांब्या भरून आणायची आणि माझ्यापासून दोन हातांवर थांबायची. आल्यागेल्याला, फेरीवाल्याला, भिकाऱ्यालाही ती न विचारता पाणी द्यायची. मला मात्र आधी विचारायची.

"आज पितोस न्हवं रं?"

मी हो म्हणेपर्यंत तांब्या तिच्या हातातच असायचा.