ओळंब्याची खुर्ची

"अठ्ठ्याहत्तर," फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या.

ओळंब्याला वाटलं, त्या चुकून दुसऱ्याच कुणाचा तरी कागद वाचतायत.

"काय अठ्ठ्याहत्तर?"

"अंश. हात एवढाच वर जातोय. दोन महिन्यांपूर्वी पंच्याऐंशी होता."

ताईंच्या हातात कंपासपेटीतला कोनमापक मोठा होऊन नोकरीला लागावा तसं एक प्लास्टिकचं हत्यार होतं. ओळंबा त्याच्याकडे असा बघत राहिला, की जणू ते खोटी साक्ष देतंय. तो आज उपचारांचा निरोप घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. शर्टाची उजवी बाही अजून बायकोच चढवत होती हे खरं. पण ती गोष्ट त्याने संसारात धरली होती, आजारात नव्हे.

ओळंबा हा धंद्याने न्हावी. एकाच दुकानात, एकाच खुर्चीमागे एकतीस वर्षं उभा. दोन्ही कल्ले तो नुसत्या नजरेने असे सारखे उतरवायचा, की एका गवंड्याने खूश होऊन, भिंत सरळ आहे का ते जोखायच्या आपल्या दोरी-वजनावरून त्याला 'ओळंबा' म्हटलं आणि आईबापांनी ठेवलेलं नाव त्या दिवसापासून फक्त वीजबिलावर उरलं. दुसऱ्याच्या कपाळावरचा केसभर फरक त्याला रस्त्याच्या पलीकडून दिसे. आणि मग एके दिवशी त्याचा उजवा खांदा आखडला. पडला नाही, सुजला नाही. गोदामाला कुलूप लागावं तसा बंद झाला. शेजारचा मोबाइलवाला दर बुधवारी दारात उभा राहून विचारू लागला, "मामा, खांदा काय म्हणतो?" विचारताना तो डोळ्यांनी दुकानाच्या भिंती मोजायचा. कात्री चालली नाही तर दुकान त्याला जाणार, हे दोघांनाही न बोलता ठाऊक होतं.

ताईंनी व्यायाम दिले होते. भिंतीवर बोटं चालवत हात वर न्यायचा. वाकून हात घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायचा. दिवसातून तीनदा, ओढ बसेपर्यंत. तीन आठवडे त्याने इमानेइतबारे केले. चौथ्या आठवड्यात कात्री गिऱ्हाइकाच्या टाळूपर्यंत न दुखता पोचली आणि त्याने व्यायाम थांबवले. नदी ओलांडल्यावर होडी डोक्यावर घेऊन कोण हिंडतं?

हे सगळं त्याने ताईंना सांगितलं. "डोकं तेच, हात तोच. आधी पोचत नव्हता, आता पोचतो. बरा झालो याला आणखी काय पुरावा?"

"मग डोकं खाली आलं असेल," ताई कागदावर लिहीत म्हणाल्या. त्या विनोद करत होत्या. "आजपासून पुन्हा सुरू करा. असाच सोडलात तर आणखी आखडेल."

तो बाहेर आला तर बाकावर पोस्टमास्तर. निवृत्त, कमरेला रुंद पट्टा. ओळंब्याचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक.

"मास्तर, तुम्ही इथे? काय उचललंत?"

"उचलतोय कसलं? तुझ्याकडे दाढी करून घेतो दर दिवसाआड."

"म्हणजे?"

"अरे, तुझ्या खुर्चीत बसलं की गुडघे हनुवटीला लागतात. आरशात मी भुवयांपासून वरच दिसतो. दोन महिने झाले, स्वतःची हनुवटी बघितलेली नाही. ती आहे असं तू म्हणतोस म्हणून मानतो."

ओळंबा बाकाच्या कडेला टेकला. "आणि बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, खांद्यासाठी तूच मुद्दाम खुर्ची उतरवलीस. म्हटलं, माणूस अडचणीत आहे, चार बोटं वाकलो तर काय झिजतो? असं ठरलंच आमचं."

"आमचं म्हणजे कुणाकुणाचं?"

"सगळ्यांचं," मास्तर म्हणाले.

दुकानात येऊन तो स्वतः खुर्चीत बसला. एकतीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच. डबा घेऊन आलेल्या बायकोला म्हणाला, "अगं, पायाने ते पायडल चारदा दाब." तिने दाबलं. खुर्ची ऐटीत वर गेली आणि मग, कुणाला न दुखवता निरोप घ्यावा तशी, फुस्स करत हळूहळू खाली आली. आरशात ओळंब्याचा गळा गेला, हनुवटी गेली, नाक गेलं.

"अहो, तुम्ही बुडताय," बायको म्हणाली.

तो उठला नाही. केसभर फरक पलीकडून ओळखणाऱ्या नजरेला नाकासमोरची वीतभर खुर्ची दिसली नव्हती. दिसली नव्हती की बघितली नव्हती, हा प्रश्न त्याने तूर्त बाजूला ठेवला.

मिस्त्रीने संध्याकाळी खुर्ची उघडली आणि एक फाटका वॉशर त्याच्या तळहातावर ठेवला. ओळंब्याची दोन महिन्यांची तब्येत ती एवढीच.

"बदलू, की राहू दे?" मिस्त्रीने विचारलं. "गिऱ्हाइकांची तक्रार नाही म्हणता. तुमचाही हात पोचतोय."

ओळंब्याने वॉशर बोटांत फिरवला.

"बदल," तो म्हणाला.

बुधवारी मोबाइलवाला आला तेव्हा मास्तर खुर्चीत ताठ बसले होते आणि आपली हनुवटी निरखत होते. "ही एवढी लोंबत नव्हती रे," ते कुरकुरले. त्यांच्या मागे ओळंबा भिंतीकडे तोंड करून उभा. उजव्या हाताची बोटं खेकड्यासारखी चुन्यावरून वर सरकत होती. खांद्याच्या किंचित खाली थांबली. तिथे त्याने डाव्या हाताने पेन्सिलीची रेघ मारली. ओठ दाताखाली होते.

"मामा, खांदा काय म्हणतो?"

गेले दोन महिने ओळंबा 'एकदम झकास' म्हणत आला होता.

"अठ्ठ्याहत्तर म्हणतो," तो म्हणाला. "मास्तरांची टाळू अजून लांब आहे. तिथवर जायचंय."

मोबाइलवाल्याचे डोळे सवयीने भिंतीवर गेले.

"ती मोजू नकोस," ओळंबा बोटं पुन्हा तळाशी आणत म्हणाला. "ती कामात आहे."